अकरा घडणी आणि एक कात्री

घनाची घडण हा पाचवीच्या गणितातला छोटासा भाग. सहा चौरस जोडून काढलेली आकृती आणि खाली प्रश्न : हिच्यापासून घन तयार होईल का? शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत हाच प्रश्न फाशाचे रूप घेऊन येतो आणि पुढे स्पर्धा परीक्षांपर्यंत पाठ सोडत नाही. तो मुलांना शिकवायचा कसा, यावर घराघरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कागद कापा, दुमडा, बघा, विषय संपला. दुसरा म्हणतो, परीक्षेच्या वर्गात कात्री नेता येत नाही, तेव्हा डोक्याने दुमडायला शिका. या दोन पक्षांना मी इथे माणसांची रूपे दिली आहेत. एक आत्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दुसरा तिचा भाचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवणारा. दोघेही या लेखापुरतेच आहेत. भाच्याचा मुलगा यंदा परीक्षेला बसणार आहे. त्याचा सराव-संच टेबलावर उघडा पडला आहे आणि तो स्वतः खाली क्रिकेट खेळतो आहे, जे त्याच्या वयाला शोभणारेच आहे.

भाचा : आत्या, या एका प्रश्नावर तू त्याला अर्धा तास बसवलंस? माझ्याकडे पाठव कारखान्यात. दुपारभर खोकी जोडली की घडण म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही.

आत्या : खोकी जोडून जोडणं येतं. प्रश्न काय आहे तो वाच. चार आकृत्या दिल्यात, त्यातली कोणती घन होणार नाही?

भाचा : ही शेवटची. बघूनच कळतं.

आत्या : कशावरून कळतं?

भाचा : असली डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, मी कधी पाहिलीच नाही.

आत्या : तू पाहिली नाहीस म्हणून चूक, असं धरलं तर चारातल्या तीन बाद होतील. ही दुसरी बघ. दोन चौरस, एक पायरी वर पुन्हा दोन, आणखी एक पायरी वर पुन्हा दोन. हिचा घन होतो की नाही?

भाचा : हा जिना? छे.

तोंडाने ‘छे’ म्हणत असताना त्याच्या हातात कात्री आलेली असते. जुन्या कॅलेंडरचा कागद, सहा चौरस, पाच घड्या. जिना व्यवस्थित मिटतो, एकही चौरस दुसऱ्यावर चढत नाही आणि एकही बाजू उघडी राहत नाही.

भाचा : कमाल आहे. म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी असते तीच एक घडण नाही.

आत्या : नाही. सहा सारखे चौरस कडेला कड लावून जोडले, तर एकूण ३५ वेगळ्या आकृत्या होतात. फिरवून किंवा पालथी घालून जी पहिल्यासारखीच दिसते ती वेगळी मोजायची नाही. या ३५ पैकी ११ आकृत्यांचा घन होतो. बारावी नाही.

भाचा : अकराच, हे कुणी ठरवलं?

आत्या : ठरवायचं काय त्यात, मोजायचं. चार चौरसांची सरळ पट्टी घे. ती वळवली की ठोकळ्याच्या चार भिंती झाल्या. आता वर झाकण हवं, खाली तळ हवा. झाकण चारातल्या कुठल्याही भिंतीला जोड, तळही चारातल्या कुठल्याही भिंतीला. चार चोक सोळा. त्यातल्या फिरवून नाहीतर उलटून सारख्या होणाऱ्या एकत्र केल्या की उरतात सहा.

भाचा : थांब, थांब. झाकण आणि तळ एकाच भिंतीला असेल तर ते आमचं स्ट्रेट टक. समोरासमोरच्या दोन भिंतींना असेल तर रिव्हर्स टक. साबण असो, टूथपेस्ट असो, औषध असो, बहुतेक गिऱ्हाइकं या दोनांतलंच एक मागतात.

आत्या : तुझं स्ट्रेट टक म्हणजे त्या सहांतल्या दोन घडणी, आणि रिव्हर्स टक म्हणजे एक. उरलेल्या तीन घडणींत झाकण एका भिंतीला आणि तळ तिच्या शेजारच्या भिंतीला असतो.

भाचा : तसलं खोकं कोण मागणार?

आत्या : कुणी मागत नसेल. परीक्षेत मागतात.

उरलेल्या पाचांवर आत्या फार रेंगाळत नाही, मीही रेंगाळणार नाही. सर्वांत लांब सरळ पट्टी तीन चौरसांची असेल तर चार घडणी मिळतात. त्यातल्या तिघींत मधल्या तीन चौरसांच्या पट्टीच्या एका अंगाला दोन चौरस असतात आणि दुसऱ्या अंगाला एक. चौथीत तीन-तीनच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून सरकून फक्त एका कडेने जोडलेल्या असतात. आणि सर्वांत लांब पट्टी दोनाचीच असेल तर एकच, तो जिना. सहा, चार आणि एक मिळून अकरा.

भाच्याचे लक्ष मात्र त्या तीन-तीनच्या जोडीवर खिळते, आणि इथे कारखानदार जागा होतो.

भाचा : ही मजेशीर आहे. बाकीच्या दहाही चार बाय तीनच्या आयतात बसतात, ही मात्र पाच बाय दोनमध्ये बसते. दहा सेंटिमीटरचं खोकं धर. बाकीच्यांना ४० बाय ३०, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर पुठ्ठा लागेल. हिला ५० बाय २०, म्हणजे १०००. खोक्याचं स्वतःचं अंग सगळ्यांचं ६०० च.

आत्या : पृष्ठफळ म्हणतात त्याला. एका पृष्ठाचे शंभर, अशी सहा पृष्ठं. आणि आत मावेल बरोबर एक लीटर.

भाचा : तेही माहीत आहे. बाजू दुप्पट केली की पुठ्ठा चौपट लागतो आणि माल आठपट मावतो. गिऱ्हाईक दुप्पट मोठं खोकं मागतं तेव्हा त्याला नक्की काय दुप्पट हवंय, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

आत्या : मग तू सगळी खोकी पाच बाय दोनमध्ये का कापत नाहीस? प्रत्येकामागे दोनशे चौरस सेंटिमीटर वाचले असते.

भाचा : वाचत नाहीत ते. आम्ही एक खोकं कापत नाही, अख्खा ताव कापतो. एकाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवतो.

आत्या : आणि अकराही घडणी तशा बसवता येतात. फट न ठेवता, एकीवर दुसरी न चढवता, हवी तेवढी जमीन फक्त एकाच घडणीने भरता येते. अकराच कशाला, त्या ३५ आकृत्यांपैकी प्रत्येकीने भरता येते.

भाचा : कागदावर ठीक आहे. खऱ्या खोक्याला पट्ट्या असतात, त्यांना जागा लागते. आणि मुख्य गोष्ट वेगळीच आहे. खोकं गिऱ्हाइकाकडे जातं ते सपाट होऊन. चार भिंतींची पट्टी असेल तर एकच उभी पट्टी चिकटवायची, साइड पेस्टिंग म्हणतो आम्ही. ते झालं की खोकं दाबून सपाट करता येतं, गठ्ठे बांधता येतात. त्याच्याकडे गेल्यावर नुसतं दाबलं की उभं राहतं. तुझा जिना चिकटवून झाल्यावर सपाट होईल का? टेम्पोत काय, हवा भरून पाठवू?

हा मुद्दा बिनतोड आहे आणि आत्याही तो निमूट मान्य करते. गणिताला अकरा घडणी सारख्याच प्रिय असल्या तरी बाजाराने त्यातल्या दोन-तीन का निवडल्या, याचे कारण टेम्पोत आहे. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीने आले तर मुले दुकानातल्या प्रत्येक खोक्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. पण आत्याने मान डोलावली ती पुढच्या प्रश्नाची तयारी म्हणून.

आत्या : तुझ्या त्या खोक्याला पट्ट्या किती असतात, ते सांग.

भाचा : मोजल्या नाहीत कधी. साइड पेस्टिंगची एक. वर झाकणाला आत खोचायची एक, ती टक. झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकेक डस्ट फ्लॅप, धूळ जाऊ नये म्हणून. या वरच्या तीन. खाली तशाच तीन. एकूण सात.

आत्या : आता जिन्याला लागतील तेवढ्या मोज. जिथे दोन कापलेल्या कडा येऊन भिडतात, तिथे एक.

भाचा मिटलेला जिना हातात घेऊन बोटाने कडा मोजतो. दोनदा मोजतो.

भाचा : सातच.

आत्या : त्या पाच बाय दोनवाल्या घडणीला?

भाचा : सात असतील. तू विचारतेस त्यावरूनच कळतंय. पण का, ते काही कळत नाही.

आत्या : आता माझं ऐक. घनाला कडा किती? बारा. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये घनाची ओळख सांगितली ती दोन प्रकारे : तीन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजे घन, आणि बारा कडांची आकृती म्हणजेही घन. पृष्ठं नाही मोजली त्याने, शिरोबिंदू नाही मोजले, कडा मोजल्या. घडण समजायलाही कडाच धराव्या लागतात. खोकं उलगडताना बारापैकी काही कडा तू कापतोस आणि काही घडी म्हणून राहतात. सहा पृष्ठं एकाच तुकड्यात राहायला हवीत, तर कमीत कमी किती घड्या लागतील?

भाचा : पहिल्याला दुसरं जोडायला एक, तिसरं जोडायला आणखी एक... पाच.

आत्या : आणि पाचांहून जास्त चालणार नाहीत. सहा चौरसांत सहावी जोड आली, की कुठेतरी चार चौरस एका बिंदूभोवती गोळा होतात. दोन बाय दोनचा गठ्ठा. घनाच्या कोपऱ्यात किती पृष्ठं येतात?

भाचा : तीन. म्हणजे चार चौरसांचा गठ्ठा दुमडणारच नाही. अच्छा, म्हणून ती शेवटची आकृती बाद. तिच्यात गठ्ठा आहे.

आत्या : मघाशी उत्तर बरोबर होतं, कारण आत्ता सापडलं. असो. बारातून पाच गेले, सात उरले. त्या सात कापलेल्या कडा. प्रत्येक कापलेल्या कडेचे कागदावर दोन काठ होतात, म्हणून अकराही घडणींची परिमिती चौदा बाजू. तुझ्या डायमध्ये कापणारं पातं १४० सेंटिमीटर आणि घडी पाडणारं ५०. घडण कुठलीही घे, हे आकडे हलणार नाहीत. पट्ट्या सोडून बोलतेय मी.

भाचा : हे डायवाल्याला सांगायला हवं. तो पात्याच्या लांबीवर पैसे लावतो आणि आकार अवघड दिसला की वर थोडे चढवतो.

कटिंग रूल आणि क्रीझिंग रूल हे शब्द छापखान्याच्या आसपास वावरलेल्यांना ठाऊक असतील. प्लायवूडच्या फळीत लेझरने किंवा करवतीने खाचा पाडून पोलादी पाती उभी बसवतात. धारदार पाते पुठ्ठा कापते, बोथट पाते घडीची रेघ दाबते. कापणाऱ्या पात्यांना लागून रबराचे तुकडे चिकटवलेले असतात, ते पुठ्ठ्याला पात्यातून बाहेर ढकलतात. अशी डाय हातात घेऊन बघितली की पाच बोथट आणि चौदा धारदार बाजूंचा हिशेब डोळ्यांना दिसतो. भाच्याने हे काम इतकी वर्षे केले आणि सात पट्ट्या कधी मोजल्या नाहीत, यात त्याला हसण्यासारखे काही नाही. त्याच्या धंद्यात सातची कधी सहा झाली नाही, म्हणून मोजायची वेळ आली नाही.

आत्या : सातचं आणखी एक कारण आहे आणि ते मला जास्त आवडतं. घनाला आठ शिरोबिंदू. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन काटकोन मिळून २७० अंश होतात. कागद सपाट पसरायचा तर ३६० लागतात, म्हणजे ९० कमी पडतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत कात्री पोचलीच पाहिजे, एकही कोपरा सुटून चालणार नाही. आणि कात्रीचा मार्ग फिरून स्वतःला मिळता कामा नये. मिळाला तर?

भाचा : तर मधला तुकडा सुटून हातात येईल.

आत्या : म्हणजे आठ कोपरे एकमेकांना जोडायचे, पण कुठेही वेढा पडू द्यायचा नाही. किती रेघा लागतील?

भाचा : सहा पृष्ठांना पाच लागल्या, तर आठ कोपऱ्यांना सात. दोन्हीकडून सातच येतंय.

आत्या : येणारच. पृष्ठांहून एक कमी इतक्या घड्या, कोपऱ्यांहून एक कमी इतके काप, आणि दोन्ही मिळून सगळ्या कडा. पाच अधिक सात बारा. आता हेच जरा हलवून मांड. आठ कोपरे, त्यातून बारा कडा वजा, त्यात सहा पृष्ठं मिळव.

भाचा : दोन.

आत्या : ऑयलरने हे सूत्र १७५० मध्ये गोल्डबाखला पत्रातून कळवलं. नुसत्या घनाचं नाही ते. कुठलंही सपाट पृष्ठांचं, आत खाच किंवा भोक नसलेलं भरीव घे. पिरॅमिड घे, षट्कोनी खोकं घे, दोनच येणार. आणि तुझ्या कात्रीच्या वाटेनं जाणारी ही सिद्धता फोन श्टाउट नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८४७ मध्ये दिली. तुझ्या डस्ट फ्लॅपमध्ये ऑयलर बसलाय आणि तू म्हणतोस अर्धा तास कशाला.

भाचा : बरं बाई, बसू दे त्याला. पण कापायच्या सात कडा निवडायचे प्रकारही अकराच का?

आत्या : प्रकार ३८४ आहेत. ठोकळा जागेवर धरून कुठल्या सात कडा कापायच्या ते ३८४ तऱ्हांनी ठरवता येतं. उलगडून टेबलावर ठेवलं की आकृत्या मात्र त्याच अकरा.

इथवर आत्याचे पारडे जड झाले आहे, असे वाचणाऱ्याला वाटेल. पण भाच्याने मुख्य भांडण अजून काढलेलेच नाही. तो सराव-संचाची पाने उलटतो आणि क्लासमधून मिळालेला एक छापील कागद पुढे करतो.

भाचा : हे सगळं छान आहे. पण पोराला एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर मिळतं. हे बघ, क्लासवाल्यांनी दोन ओळीत संपवलंय. सरळ पट्टीत एक सोडून पुढचा चौरस समोर येतो. इंग्रजी झेड दिसला की त्याची दोन टोकं समोरासमोर. एवढं पाठ केलं की झालं. ऑयलर कशाला?

आत्या : दोन्ही नियम खरे आहेत. का खरे आहेत ते विचार.

भाचा : पट्टीचं कळतं. समोरची भिंत, मधली भिंत, मागची भिंत. झेडचं सांग.

आत्या : सगळ्यात छोटा झेड घे, चार चौरसांचा. मधल्या दोन चौरसांची एक सामाईक कड आहे. त्या कडेच्या एका टोकाला एक चौरस येऊन भिडतो आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. कडेच्या दोन टोकांवर बसलेली पृष्ठं समोरासमोरच असणार. हे एकदा कळलं की झेड कसाही वळवून दिला तरी मूल फसत नाही. खरा नियम एकच : प्रत्येक चौरसाला समोरचा असा एक आणि एकच चौरस हवा. पाच सलग चौरसांची पट्टी का चालत नाही? तिसऱ्याच्या समोर पहिलाही येतो आणि पाचवाही. यू आकार का चालत नाही? त्याची दोन्ही टोकं एकाच जागेवर येऊन आपटतात.

भाचा : ठीक. पण उत्तर तेच येतं ना? पाठ केलेल्यालाही आणि समजलेल्यालाही.

आत्या : या प्रश्नाला नाही येत. हा सोडव. आडव्या पट्टीत चार चौरस, डावीकडून क, ख, ग, घ. ख च्या वर च, ख च्या खाली छ. खाली चार फासे काढलेत, प्रत्येकाची तीन पृष्ठं दिसतात. यापैकी कोणता फासा या घडणीचा?

भाचा : समोरासमोरच्या जोड्या काढू. क आणि ग, ख आणि घ, च आणि छ. यातल्या कुठल्याही जोडीतली दोन्ही अक्षरं ज्या फाशावर एकत्र दिसतात तो बाद. हा गेला, हाही गेला. उरले दोन. दोघांवरही ख, ग, च. दोन्ही बरोबर दिसतात की.

आत्या : एकात वर च, समोर ख, उजवीकडे ग. दुसऱ्यात वर च, समोर ग, उजवीकडे ख. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतील?

भाचा गप्प. छापील कागदावर याचे उत्तर नाही.

आत्या : ठोकळ्याच्या तिन्ही जोड्या कळल्या तरी ठोकळे दोन शक्य असतात. एक आणि त्याचं आरशातलं रूप. डावा आणि उजवा. आता पेन्सिलीचं टोक घडणीत त्या बिंदूवर ठेव, जिथे च, ख आणि ग एकत्र येतात. ख चा वरचा उजवा कोपरा. त्या बिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फीर. च, मग मोकळी जागा, मग ग, मग ख. घडण दुमडली की मोकळी जागा मिटते, पण क्रम बदलत नाही. छापील बाजू बाहेर ठेवलीस तर फाशावरही त्या कोपऱ्याभोवती च, ग, ख असाच क्रम दिसला पाहिजे. वर च, उजवीकडे ग, समोर ख. पहिला फासा.

भाचा : हे क्लासमध्ये नाही शिकवलं.

आत्या : शिकवत असतील कुठे कुठे. पण ज्याने कागद कधी दुमडलाच नाही, त्याला हा क्रमाचा मुद्दा ऐकून पटणार नाही, हे तुझ्या बाजूने सांगते.

फाशांचा विषय निघाला म्हणून एक फाटा. आज ल्यूडोच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते : १ समोर ६, २ समोर ५, ३ समोर ४. मोहेंजोदडोला भाजक्या मातीचे जे घनाकृती फासे सापडले, त्यांच्यावर रीत वेगळी आहे. तिथे १ समोर २, ३ समोर ४, ५ समोर ६. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कुंभाराने संख्या मांडताना जोड्यांचाच विचार केला होता. फक्त जोड्या वेगळ्या लावल्या. सातची बेरीज पाठ करून फाशाचा प्रश्न सोडवणारा विद्यार्थी त्या फाशापुढे अडेल, घडण वाचणारा अडणार नाही. परीक्षेतले फासेही सातचा नियम पाळतीलच असे नाही. ते बहुधा पाळत नाहीत.

भाचा : बरं, घडणी काढायची ही कल्पना आली कुठून? कागदी खोक्यांआधी याचा उपयोग काय होता?

आत्या : खोकी बनवायला नव्हती ती. आल्ब्रेख्त ड्यूरर हा न्यूरेंबर्गचा चित्रकार. त्याने १५२५ मध्ये कलावंत आणि कारागिरांसाठी मोजमापाचं पुस्तक छापलं. त्यात त्याने घनासकट कितीतरी भरीव आकृत्या उलगडून, सपाट करून दाखवल्या. कारागिराने कापाव्यात आणि दुमडून बघाव्यात म्हणून.

भाचा : म्हणजे माझ्या पक्षाचा होता.

आत्या : सुरुवातीला. पण त्याच्या पुस्तकातून निघालेला प्रश्न अजून कात्रीला सुटलेला नाही. खाच नसलेलं, सपाट पृष्ठांचं कुठलंही भरीव त्याच्या कडांवरच कापून, एकाच तुकड्यात, कुठेही एकावर एक न चढता उलगडता येतं का? शेफर्ड या गणितज्ञाने १९७५ मध्ये तो नीट शब्दांत मांडला. आजतागायत कुणी ‘हो’ सिद्ध केलेलं नाही आणि कुणाला न उलगडणारं एकही भरीव सापडलेलं नाही. घनाला अकरा घडणी आहेत हे मूल तासाभरात पडताळू शकतं, आणि त्याच्या शेजारचा प्रश्न पाच शतकांनंतरही उघडा आहे.

भाचा : डायवाल्याला विचारू का?

आत्या : विचार. पैसे आधी ठरव.

या दोघांचे भांडण मिटवायची जबाबदारी माझी नाही, पण माझे मत लपवण्यातही अर्थ नाही. कात्रीबद्दल भाच्याचे बरोबर आहे. ज्या मुलाने पुठ्ठ्याचे खोके कधी उसवलेले नाही, त्याला पृष्ठ, कड आणि शिरोबिंदू हे तीन शब्द फळ्यावर शिकवणे म्हणजे वेळ दवडणे. ६, १२ आणि ८ या संख्या मूल घोकते आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करते. तेच मूल २७ छोट्या ठोकळ्यांचा मोठा ठोकळा रचून बाहेरून रंगवते, तेव्हा तीन बाजू रंगलेले ठोकळे ८, दोन रंगलेले १२, एक रंगलेला ६ आणि कोराच राहिलेला १ असे निघतात. मग त्या संख्या त्याच्या हाताच्या होतात.

युक्त्यांबद्दल मात्र मी पूर्णपणे आत्याच्या बाजूने आहे. ‘एक सोडून एक’ हा नियम सांगण्यात गैर काही नाही. तो पहिल्याच दिवशी सांगितला की मूल कागदाला हात लावत नाही, हे गैर आहे. क्लासचा छापील कागद शेवटच्या आठवड्यात द्यावा. त्याआधी एकदा खोके, एकदा कात्री आणि मग कात्री कपाटात ठेवून नुसती पेन्सिल. पालकांना हा क्रम लांबचा वाटतो. पण डाव्या-उजव्या फाशाचा प्रश्न ज्याला सुटतो त्याला बाकीचे सारे सुटतात, आणि तो प्रश्न छापील कागदावरच्या दोन ओळींत बसत नाही.

घरात पाचवीतले मूल असेल तर त्याला मोठ्या चौकटीच्या वहीचे पान द्या आणि सहा चौरसांच्या जितक्या वेगळ्या आकृत्या काढता येतील तितक्या काढायला सांगा. ३५ ही संख्या सांगा, अकरा सांगू नका. कुठल्या दुमडतील ते त्याने आधी पेन्सिलीने खूण करून ठरवावे आणि मगच कापून बघावे. हा लेख त्याला त्यानंतर वाचायला द्या.